हिरवा सॉस हिरवाच राहावा म्हणून

कोथिंबीर-पुदिन्याचा सॉस दुसऱ्या दिवशी काळपट पडायचा आणि तळाला पाणी सुटायचं. घरात सुनेने दूध-दही सोडलंय, त्यामुळे दह्याचा आधार नाही. नारळाचं दूध घालून पाहिलं. चव छान, पण फ्रिजमध्ये त्याची चरबी गोठून गुठळ्या होतात. गोव्यात राहून नारळाला नकार देणं जिवावर येतं, पण इथे काजूच बरा.

पानं वाटली की त्यांतली एन्झाइम्स आणि हवा मिळून रंग बिघडवतात. म्हणून आता पानं उकळत्या पाण्यात जेमतेम 15-20 सेकंद बुडवते आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकते. मग मुठीत घट्ट पिळायची. पाणी सुटण्याचं निम्मं दुखणं तिथेच संपतं. कोथिंबिरीचे कोवळे देठ टाकू नका, खरा वास त्यांत असतो.

दोन वाट्या पानांना पाव वाटी काजू, गरम पाण्यात अर्धा तास भिजवलेले. म्हापशाच्या बाजारातला तुकडा काजू चालतो, अख्ख्याची चैन कशाला? आधी काजू गुळगुळीत वाटायचे, मग पानं, मिरची, आलं, मीठ आणि बर्फाचा खडा. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा.

लिंबू किंवा माडाचं व्हिनेगर मात्र वाढताना. आंबटामुळे हरितद्रव्य हळूहळू शेवाळी होतं. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये, तीन दिवस. आमच्याकडे पोईबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, त्याआधीच संपतो.