कल्हईची भट्टी ग्राहकाला दाखवताना

नाशिकच्या भांडी बाजारात पितळी पातेल्याचा भाव विचारणारे गिऱ्हाईक भाव ऐकून थांबत नाही. त्याचा पुढचा प्रश्न कल्हईचा, म्हणजे भांड्याला आतून दिलेल्या कथिलाच्या (टिनच्या) मुलाम्याचा असतो. ती कशाला हवी, कशाची असते, किती दिवस टिकते आणि भांडे आज टाकले तर आजच का मिळत नाही, या चार प्रश्नांची उत्तरे दुकानदार दिवसभर देत असतो, आणि गर्दी असली की ती अर्धवटच देतो. व्हिडिओ करायचा तो या चार उत्तरांसाठी. म्हणून मोबाइल हातात घेण्याआधी आठवडाभर गल्ल्याशेजारी एक वही ठेवावी आणि गिऱ्हाइकांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावेत. ‘ताक कळकतं का हो?’ (म्हणजे पितळेत ठेवून बिघडते का) असे कोणी विचारले असेल, तर व्हिडिओची सुरुवात त्याच वाक्याने व्हावी. रामकुंडावरून फिरणारा ड्रोन, दुकानाची पाटी आणि मागे सनई, हा प्रकार मालकाला फार आवडतो. पाहणारा मात्र तेवढ्यात पुढे सरकलेला असतो.

चित्रीकरण कामाच्या क्रमानेच करावे. भांडे घासून स्वच्छ करणे, भट्टीवर तापवणे, नवसागर (अमोनियम क्लोराइड हा क्षार) टाकणे, कथील फिरवणे, कापसाच्या बोळ्याने ते पसरवणे आणि शेवटी पाण्यात बुडवणे, एवढे टप्पे पुरेत. घासणे व तापवणे काही सेकंदांत उरकावे, पण हे सर्वांत वेळखाऊ काम आहे हे निवेदनात सांगावे, कारण ‘आजच का नाही’ याचे उत्तर तिथेच आहे. नवसागराचा पांढरा धूर कापून टाकू नये. तो कशाचा आहे आणि धातूचा पृष्ठभाग साफ होऊन कथील धरावे यासाठी नवसागर कसा लागतो, हे एका वाक्यात सांगितले की धुराची शंका मिटते.

खरा जीव मात्र त्यानंतरच्या काही सेकंदांत आहे. कथील 232 अंश सेल्सिअसला वितळते. तापलेल्या पातेल्याला कांडी टेकताच त्याचा थेंब सुटतो, बोळा फिरतो आणि काळपट पितळ पाहता पाहता चांदीसारखे उजळते. माझ्या पहिल्या व्हिडिओत नेमका हाच क्षण वाया गेला, कारण अंधाऱ्या भट्टीला जुळवून घेतलेल्या मोबाइलने चकाकणारे भांडे पांढरेफटक करून टाकले. तेव्हापासून मी आधी कल्हई केलेले एक भांडे त्या जागी धरतो, पडद्यावर त्याच्यावर बोट दाबून प्रकाश पक्का करतो, थोडा कमी करतो आणि मगच काम सुरू करायला सांगतो. एलईडी दिव्याखाली चित्रात आडवे पट्टे सरकताना दिसले, तर मोबाइल कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये (जिथे सेटिंग हाताने बदलता येतात) शटर, म्हणजे प्रत्येक चित्राला प्रकाश घेण्याचा वेळ, 1/50 सेकंदावर ठेवावे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची असल्याने पट्टे बहुधा जातात.

भट्टीच्या ब्लोअरपुढे बोललेले काही ऐकू येत नाही, म्हणून निवेदन नंतर बंद खोलीत ध्वनिमुद्रित करावे. त्याचा आणखी एक फायदा असा, की 2027 च्या सिंहस्थाला येणाऱ्या परप्रांतीय यात्रेकरूंसाठी त्याच चित्रावर हिंदी निवेदन चढवता येते. एक आवाज मात्र मुद्दाम जवळून टिपावा: शुद्ध कथिलाची कांडी वाकवली की बारीक करकर ऐकू येते. कथिलात शिसे मिसळले असेल का, ही शंका असलेल्या गिऱ्हाइकाला हा आवाज कुतूहलाचा वाटतो. तो प्रयोगशाळेचा दाखला आहे असे भासवणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल.

दर आणि दिवस निवेदनात घालू नयेत. कथिलाचा भाव बदलतो, लग्नसराईत काम साचते, आणि जुना व्हिडिओ दाखवून भांडणारे गिऱ्हाईक समजावणे कठीण जाते. हे आकडे सोबतच्या मजकुरात लिहिले तर हवे तेव्हा बदलता येतात. कारागिराचा चेहरा दिसणार असल्यास त्याला आधी विचारावे, आणि त्याची तयारी नसेल तर केवळ हातांवर कॅमेरा ठेवावा. हात पुरेसे बोलतात.

‘किती दिवस टिकते’ याला आकड्यात उत्तर नाही, कारण ते भांड्याच्या वापरावर आणि घासणीवर अवलंबून असते. तेथे नुकतीच कल्हई केलेले आणि कल्हई उडालेले अशी दोन भांडी शेजारी ठेवून दाखवावीत: आतून पितळेचा पिवळा किंवा तांब्याचा लालसर रंग डोकावू लागला की भांडे पुन्हा आणायचे. हा तुकडा वेगळा कापून ठेवावा आणि भांडे परत देताना गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर पाठवावा. संपूर्ण व्हिडिओचा क्यूआर कोड गल्ल्यावर, भांडी जमा करून घेतो त्या जागी लावावा.