घरातला जुना डोंगा कधीचा? टॉर्च आणि पावती सांगेल

वैनगंगेवर चालवलेला आजोबांचा लाकडी डोंगा, म्हणजे छोटी होडी, आमच्या नागपूरच्या घरी मांडवात पडून आहे. तो कधीचा, मुळात कुणाचा, हे सांगणारं आता कुणी उरलं नाही. अशा वेळी हे करून बघा.

१. रात्री दिवे बंद करा आणि टॉर्च लाकडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा. समोरून अजिबात न दिसणारं कोरलेलं अक्षर सावलीमुळे उठून दिसतं. आम्हाला पुढच्या टोकाच्या आत, डांबराखाली 'म' आणि अर्धवट 'हा' असं सापडलं. पाहून अंगावर काटा आला.

२. त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा. ठसा फोटोपेक्षा स्वच्छ येतो.

३. पेटीतल्या जुन्या पावत्या, परवाने काढा. तारीख फाटली असली तरी मथळा वाचा. 'मध्यप्रांत व वऱ्हाड' असेल तर कागद बहुधा १९५० पूर्वीचा. नागपूरच्या कागदावर 'मध्यप्रदेश' असेल तर १९५० ते १९५६ मधला, कारण तेव्हा नागपूर त्या राज्यात होतं. रक्कम आण्यांत असेल तर साधारण १९५७ च्या आधीचा, कारण त्या वर्षी १ एप्रिलला नवे पैसे आले. मात्र यावरून कागदाचं वय कळतं. डोंगा त्याहून जुना असू शकतो.

४. ठसा घेऊन नदीकाठच्या म्हाताऱ्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) मंडळींना भेटा. खूण कुणाच्या घरची, ते ओळखू शकतात.

हे सगळं होईपर्यंत डोंग्याला पॉलिश पेपर, तेल, रंग काही लावू नका. एकदा घासलेलं अक्षर परत येत नाही.