मुंबईत राहून स्नोबोर्डिंगच्या फिल्म्स करायच्या असतील तर

स्नोबोर्डिंगच्या, म्हणजे एका फळीवर उभं राहून बर्फाच्या उतारावरून घसरण्याच्या, फिल्म्स करायच्यात म्हणणारी मुलं मला पहिल्यांदा हेच विचारतात: कॅमेरा कुठला घेऊ? कुठलाच घेऊ नका. कॅमेरा अंधेरीत भाड्याने मिळतो, वापरलेली लेन्स फोर्टच्या बोरा बाजारात शोधता येते. मुंबईत मिळत नाही तो बर्फ. पैसे तिकडे घाला.

या कामात शूट करणाऱ्यालाही बोर्ड चालवता यावा लागतो. रायडरच्या मागे दोन-तीन मीटरवर, हातात गिंबल (कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) धरून, त्याच्याच वेगाने उतरायचं. याला फॉलो-कॅम म्हणतात. मुंबईत चांगल्या कॅमेरामनना तोटा नाही, पण त्यातले बोर्डवर उभे राहू शकणारे फार थोडे. मला कामं मिळतात ती याच्यावर, माझ्या उड्यांवर नाही. (उड्या बेताच्याच आहेत.)

शिकायला गुलमर्ग. बोर्ड-बूट तिथे भाड्याने मिळतात. चिल्लई कलान, म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, हा काश्मीरमधला कडाक्याचा काळ. नवख्याने त्यानंतर, फेब्रुवारीत जावं. बर्फ साचलेला असतो आणि दिवसही मोठा झालेला असतो. सुरुवात खालच्या सौम्य उतारांवर. गोंडोलाचा, म्हणजे तिथल्या रोपवेचा, दुसरा टप्पा अफरवटच्या डोंगरावर ३,९०० मीटरच्याही वर नेऊन सोडतो, तिथे पहिल्या आठवड्यात काही काम नाही. दोन्ही पाय बांधलेले असल्यामुळे पडताना हात आपोआप पुढे जातो आणि मनगट मोडतं. म्हणून मनगटाचे गार्ड मुंबईतूनच घेऊन जा. स्केटबोर्ड येत असेल तर तोल लवकर सापडतो, एवढंच.

आता कॅमेरा. पांढऱ्याशुभ्र बर्फाला कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर करडा समजतो आणि चित्र काळवंडतं. एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवून घ्या (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). थंडीत बॅटरी भराभर उतरते, जादाच्या बॅटऱ्या आतल्या खिशात अंगाच्या उबेला ठेवा. संध्याकाळी बुखारी (काश्मिरी शेगडी) पेटलेल्या खोलीत शिरण्याआधी कॅमेरा बाहेरच हवाबंद पिशवीत घाला आणि खोलीइतका उबदार झाल्यावरच काढा, नाहीतर आतल्या काचांवर दव धरतं. परत आल्यावर आपला दमटपणा आहेच, लेन्सला बुरशी आणणारा. सिलिका जेलचा डबा हवाच.

गोंडोलावरून मोकळ्या उतारांवर जायचं तर टीममधल्या प्रत्येकाकडे बीकन (गाडलेल्या माणसाचा ठाव देणारं सिग्नल-यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं पाहिजे, आणि ते वापरण्याचा सराव. हिमस्खलनाच्या वाटेत सगळ्यात जास्त वेळ एका जागी थांबतो तो शूट करणारा, हे बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. फ्रेम थोडी वाईट चालेल. उभं राहायचं बाजूच्या धारेवर. नियंत्रण रेषा जवळ आहे, तेव्हा परवानगीशिवाय ड्रोन बॅगेतूनही काढू नका.

हेलिकॉप्टरचं बजेट आपल्याकडे नसतं आणि त्यावाचून अडतही नाही. जेरेमी जोन्स या अमेरिकन रायडरने २०१० ते २०१४ मधल्या तीन फिल्म्समध्ये पायी चढून जाण्यावरच भर दिला. उभा दुभंगणारा स्प्लिटबोर्ड, त्याखाली स्किन्स (चढताना मागे घसरू न देणाऱ्या पट्ट्या), आणि भरपूर दम.

फिल्ममधून घर चालत नाही. माझं जाहिरातींवर चालतं. त्यासाठी आपल्या निवडक कामाची, तीन मिनिटांच्या आतली रील ठेवा. निर्माते ती मोबाइलवर, दुसरं काहीतरी करता करता बघतात. सुरुवातीलाच न कापलेला फॉलो-कॅम शॉट टाका. ड्रोनचे डोंगर नंतर. ते सगळ्यांकडे असतात.