प्रयोगशाळेतील एनमॅपची देखभाल आणि अद्ययावतीकरण

नागपुरातील एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा किंवा लहान कार्यालयाचे नेटवर्क सांभाळणाऱ्यांसाठी हे टिपण आहे. गॉर्डन लायन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेले एनमॅप, म्हणजे नेटवर्कवरील यंत्रे आणि त्यांवर सुरू असलेल्या सेवा स्कॅन करून शोधणारे साधन, आपण एकदा बसवतो आणि पुढे वर्षानुवर्षे तसेच वापरत राहतो. जुने एनमॅप बंद पडत नाही, ते केवळ नवी उपकरणे आणि सेवा नीट ओळखत नाही, त्यामुळे होणारे नुकसान चटकन ध्यानात येत नाही. पोर्टवरील (यंत्राशी जोडणीच्या क्रमांकित दारावरील) सेवा, तिची आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम आणि मॅक पत्त्यावरून (नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकावरून) उत्पादक कंपनी ही सारी ओळख एनमॅपसोबत येणाऱ्या माहितीच्या फायलींवर अवलंबून असते. म्हणून प्रोग्रॅम आणि या फायली एकाच आवृत्तीच्या असल्या पाहिजेत, हे देखभालीचे मर्म आहे.

काम सुट्टीत काढावे. मे महिन्यात मात्र सकाळचीच वेळ धरावी, कारण पारा ४५ अंशांकडे जात असताना एसी बंद असलेल्या खोलीत सगळी यंत्रे सुरू ठेवणे योग्य नाही. आपल्या अखत्यारीतील नेटवर्क असले तरी प्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी, कारण माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ मध्ये परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये केलेल्या प्रवेशाचा विचार केलेला आहे.

अद्ययावतीकरणापूर्वी जुन्या आवृत्तीने संपूर्ण नेटवर्क स्कॅन करून निकाल एक्सएमएल (प्रोग्रॅमला वाचता येणाऱ्या मजकूर) स्वरूपात जपून ठेवावा. ही पायरी हमखास वगळली जाते आणि तिचीच उणीव पुढे सर्वाधिक भासते.

उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीत एनमॅपचे पॅकेज बहुधा सुरुवातीच्याच क्रमांकावर थांबलेले असते. नवी आवृत्ती हवी असल्यास मूळ संकेतस्थळावरून स्रोत (मूळ कोड) उतरवून, जीपीजी स्वाक्षरी (फाइल अस्सल असल्याची डिजिटल खूण) तपासून, तो कंपाइल करावा, म्हणजे त्यातून चालणारा प्रोग्रॅम तयार करावा. ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीच्या विकासक फायली आधी बसवलेल्या नसल्यास कंपाइल होऊनही एनमॅप अपुरे राहते. ‘व्हर्जन’ हा पर्याय देऊन येणारे उत्तर वाचावे: त्यात ‘कंपाइल्ड विथ’ आणि ‘कंपाइल्ड विदाउट’ अशा दोन ओळी असतात. दुसऱ्या ओळीत ओपनएसएसएल दिसले, तर टीएलएसशी (सुरक्षित जोडणीच्या पद्धतीशी) संबंधित अनेक स्क्रिप्ट, म्हणजे एनमॅपमधील छोटे तपासणी प्रोग्रॅम, चालणार नाहीत. लुआ (स्क्रिप्ट लिहिण्याची भाषा) दिसले, तर स्क्रिप्ट चालवणारे इंजिनच नाही.

आता खरी अडचण येते. पॅकेजची प्रत यूएसआर-बिनमध्ये आणि कंपाइल केलेली प्रत यूएसआर-लोकल-बिनमध्ये, अशा दोन प्रती यंत्रावर राहतात, आणि आधीपासून उघड्या असलेल्या टर्मिनलमध्ये बॅश हा आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम जुनाच मार्ग लक्षात ठेवून जुनी प्रत चालवत राहतो. नवे टर्मिनल उघडावे आणि जुने पॅकेज काढून टाकावे, हे उत्तम. होम फोल्डरमधील लपलेल्या एनमॅप फोल्डरमध्ये कुणी कधीकाळी सेवांची फाइल ठेवली असेल, तर एनमॅप तिलाच प्राधान्य देते. तपशीलवार पर्यायासह स्कॅन केल्यास माहितीच्या फायली कोणत्या फोल्डरमधून वाचल्या हे शेवटी छापले जाते. ती ओळ अवश्य पाहावी.

स्वतः लिहिलेल्या लुआ स्क्रिप्ट एनमॅपच्या फोल्डरमध्ये ठेवू नयेत. त्या वेगळ्या फोल्डरमध्ये, शक्यतो गिटमध्ये (फायलींतील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) ठेवून मार्ग देऊन चालवाव्यात. एखादी आतच ठेवावी लागली, तर ‘स्क्रिप्ट-अपडेटडीबी’ हा पर्याय चालवून सूची पुन्हा तयार करावी. विंडोजवर एनपीकॅपची, म्हणजे एनमॅपला नेटवर्कवरील पॅकेट पकडून देणाऱ्या ड्रायव्हरची, आवृत्तीही तपासावी.

शेवटी त्याच दिवशी, त्याच पर्यायांनी नव्या आवृत्तीने पुन्हा स्कॅन करून दोन्ही एक्सएमएल फायली एनडिफ या एनमॅपच्या तुलना-साधनाने ताडून पाहाव्यात. उघडे पोर्ट तेच असून केवळ सेवेचे नाव किंवा आवृत्ती बदललेली दिसली, तर तो बहुधा साधनातील बदल समजावा. नवा पोर्ट दिसला, तर प्रत्यक्ष त्या यंत्रापाशी जाऊन पाहावे. दोन्ही निकाल आणि आवृत्तींचे क्रमांक प्रयोगशाळेच्या नोंदवहीत तारखेसह लिहावेत, म्हणजे पुढच्या वर्षी हे काम करणाऱ्याला तुलनेसाठी तेच वापरता येतील.