रेझिनचा टी-३४: रंगाआधीची कामं

१/५६ प्रमाणातल्या (खऱ्याच्या छप्पन्नाव्या भागाएवढ्या) टी-३४/८५ या सोव्हिएत रणगाड्याच्या मॉडेलचं धड जेमतेम ११ सेंटिमीटर लांब भरतं. युद्धखेळातल्या २८ मिलिमीटरच्या छोट्या सैनिकांसोबत हे माप चांगलं जुळतं. रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लॅस्टिक) किटमध्ये भाग मोजकेच असतात: धड, चाकांसकट ओतलेले दोन पट्टे, टरेट (तोफेचा फिरता घुमट), तोफेची नळी, झाकणं आणि इंधनाच्या टाक्या. त्यामुळे एका संध्याकाळी जोडून टाकू असं वाटतं, पण घाई करू नका.

आधी धुणं. भाग साच्यातून सुटावेत म्हणून लावलेलं तेलकट द्रव्य त्यांवर राहिलेलं असतं. त्यावरच प्रायमर (रंगाआधीचा थर) मारला तर खेळताना चार-सहा वेळा हात लागला की कडांवरून रंगाचे पापुद्रे निघतात. कोमट पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब टाका आणि जुन्या टूथब्रशने घासा. चाकांमधल्या खाचा आणि इंजिनावरची जाळी विसरू नका. रात्रभर सुकवल्यावर बोट फिरवून पाहा. बुळबुळीत लागलं तर पुन्हा धुवा.

ओतकामाचे गठ्ठे (ओतताना भागाला चिकटून राहिलेले रेझिनचे जादा तुकडे) बारीक दातांच्या करवतीने, भागापासून १ मिलिमीटर सोडून कापा आणि उरलेलं कानशीने काढा. पक्कड लावू नका: रेझिन ठिसूळ असतं, गठ्ठ्याबरोबर टरेटच्या कडेचाही टवका उडतो. घासकाम ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने, पाणी लावूनच करा. ही धूळ फुप्फुसांना घातक आहे, तेव्हा एन-९५ मास्क हवाच.

वाकलेली नळी साधारण ७० अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, काचेवर सरळ करा आणि लगेच गार पाण्यात बुडवा. तरी उन्हात तापलेल्या मोटारीत ती पुन्हा वाकू शकते. आमची पसंती पितळी नळीला. ८५ मिलिमीटरचं तोंड या प्रमाणात दीड मिलिमीटरचं होतं, म्हणून २ मिलिमीटर जाडीची नळी शोभते.

सगळ्यात जास्त वेळ पट्ट्यांना द्या. गोंद न लावता ते धडाला टेकवा, गाडी काचेवर ठेवा आणि चारही कोपरे एकेक करून दाबा. डुगडुगली तर पट्टा वाकलेला आहे किंवा धडाची बाजू फुगीर आहे. पट्टा गरम पाण्यात सरळ होतो, फुगीर बाजू मात्र घासावीच लागते. प्लॅस्टिक मॉडेलचा गोंद इथे निरुपयोगी, कारण तो पॉलिस्टायरीन (साध्या किटचं प्लॅस्टिक) विरघळवून जोडतो, रेझिन नाही. छोट्या भागांना फेव्हिक्विक पुरतं. पट्ट्यांना मात्र दोन ट्यूबचं इपॉक्सी लावा: ते झटका सोसतं आणि पट्टे सरळ करायला चार-पाच मिनिटंही मिळतात. नळीसाठी १ मिलिमीटरचं भोक पाडून आत तार घाला.

हवेच्या बुडबुड्यांची भोकं फेव्हिक्विक आणि खायच्या सोड्याने भरा, पण दहा-पंधरा मिनिटांत घासून घ्या. नंतर ते रेझिनपेक्षा टणक होतं आणि आजूबाजूचंच झिजतं. मोठ्या खड्ड्याला एम-सील.

टरेट फिरता हवा असेल तर ५×२ मिलिमीटरचे दोन चुंबक बसवा. चिकटवण्याआधी एकमेकांना ओढणाऱ्या बाजूंवर पेनने खूण करा.

प्रायमर २०–२५ सेंटिमीटरवरून, दोन-तीन पातळ हातांत. पावसाळी दमट दिवशी स्प्रे मारू नका, पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत होतो. मग हिरवा रंग, खाचांत पातळ तपकिरी, कडांवर कोरडा ब्रश (रंग जवळजवळ पुसून टाकलेला). आकड्यांच्या डेकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छापील चित्रांखाली) आधी ग्लॉस वार्निश द्या, नाहीतर खाली हवा अडकून ते चंदेरी दिसतात. शेवटी सगळीकडे मॅट वार्निश मारा आणि २४ तास गाडीला हात लावू नका.