हुमणीसाठी मेटारायझियम घरी कसं वाढवायचं

गोदाकाठच्या उसात हुमणी ओळखणं अवघड नाही. पानं पिवळी पडतात, बेट ओढलं की मुळासकट हातात येतं आणि मातीत अर्धं वेटोळं घातलेली पांढरी अळी सापडते. पण एवढं दिसेपर्यंत अळी पोसलेली असते, आणि पोसलेल्या अळीवर मेटारायझियम या कीड मारणाऱ्या बुरशीचा फारसा जोर चालत नाही. भुंगेरे वळवाच्या पावसानंतर निघतात, मातीत अंडी घालतात आणि त्यातून आलेली बारीक अळीच या बुरशीला लवकर बळी पडते. म्हणून बुरशी वाढवायच्या पिशव्या मे महिन्यातच भरायला घ्या.

ही बुरशी अळीला खाऊ घालावी लागत नाही. बीजाणू, म्हणजे बुरशीचं बारीक बी, कातडीला चिकटतो, ओलाव्यात रुजतो, कातडी भेदून आत शिरतो आणि आतच वाढतो. मेलेली अळी कडक होते, आधी पांढरी आणि मग हिरवी पडते. १८७९ साली मेचनिकॉफ या शास्त्रज्ञाने गव्हावरच्या भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर हेच पाहिलं आणि बुरशीने कीड मारायचे प्रयोग केले.

मूळ कल्चर, म्हणजे बुरशीचं शुद्ध विरजण, राहुरीच्या कृषी विद्यापीठातून किंवा कृषी विज्ञान केंद्रातून घ्या. शेतात सापडलेल्या मेल्या अळीवरची बुरशी खरवडून घरी वाढवू नका, असं मी आमच्या गटातल्या बायकांना बजावून सांगते. हिरवी दिसणारी प्रत्येक बुरशी मेटारायझियम नसते. काही माणसालाही घातक असतात आणि नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही.

वाढवायला तांदळाची कणी उत्तम. घोटीकडच्या राईस मिलमधून आणली की स्वस्त पडते. कणी तासभर भिजवा, निथळा आणि सुती कापडावर पसरा. मुठीत दाबली तर दाणे सुटे राहिले पाहिजेत. ओल जास्त राहिली की लगदा होतो, आत हवा खेळत नाही. मग पॉलीप्रॉपिलीनच्या पिशवीत २०० ग्रॅम भरा. साधी कॅरीबॅग कुकरमध्ये वितळते. तोंडाला पाइपची छोटी रिंग लावून कापसाचा घट्ट बोळा बसवा, वर कागद आणि रबर. मोठ्या कुकरमध्ये पूर्ण दाब धरल्यावर ४० मिनिटं ठेवा. कुकर आपोआप निवू द्या आणि पिशव्या पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.

कल्चर मिसळायची वेळ सगळ्यात नाजूक. दारं-खिडक्या बंद, पंखा बंद. हात आणि टेबल स्पिरिटने पुसा, ते पूर्ण वाळू द्या, मगच स्पिरिटचा दिवा लावा. ज्योतीजवळ बोळा काढायचा, चमचाभर कल्चर टाकायचं, लगेच बोळा परत. पिशवी हलवून दाणे मोकळे करा.

आता तापमान. बुरशीला २५ ते २८ अंश मानवतं आणि निफाडचा मे तर चाळिशीला टेकतो. पत्र्याची खोली चालणार नाही. जाड मातीच्या भिंतींची जुनी खोली असेल तर तीच निवडा, दारा-खिडक्यांना ओली गोणपाटं बांधा आणि भिंतीला थर्मामीटर लावा. तीन-चार दिवसांत पांढरी वाढ दिसली की गाठी हाताने बाहेरूनच फोडा. साधारण दोन आठवड्यांत दाणे गर्द हिरवे होतात. काळी भुकटी, गुलाबी डाग, चिकट पाणी किंवा आंबूस वास आला तर पिशवी उघडू नका. तशीच पुन्हा कुकरमध्ये शिजवा आणि पुरा. या पिशवीतून त्या पिशवीत असं कल्चर वर्षानुवर्षं चालवू नका, त्याची मारक ताकद घटते. दर हंगामात ताजं आणा.

शेतात टाकण्याआधी परीक्षा घ्या. हा टप्पा बहुतेक जण गाळतात आणि मग बुरशीला बोल लावतात. वीसेक अळ्या गोळा करा, प्रत्येकीला ओलसर मातीची वेगळी डबी द्या, कारण एकत्र ठेवल्या की एकमेकींना चावतात. निम्म्या डब्यांत बुरशी मिसळा, निम्म्या तशाच ठेवा. दोन-तीन आठवडे पाहा. बुरशी लावलेल्यांपैकी बऱ्याच हिरव्या पडल्या आणि न लावलेल्या जिवंत राहिल्या तर कल्चर जोरदार आहे. दोन्हीकडच्या मेल्या तर परीक्षा बाद. बीजाणूंची मोजणी प्रयोगशाळेत करून घ्या. ग्रॅमला किमान १० कोटी हवेत.

वापर एकरी ८ किलो, चाळलेल्या आणि पूर्ण कुजलेल्या शेणखतात मिसळून. कच्च्या शेणखतावर हुमणीच पोसते. जमीन ओली असताना, संध्याकाळी, मुळांजवळ टाकून मातीआड करा. उन्हात बीजाणू मरतात. पुढचे-मागचे दोन आठवडे त्या जमिनीत बुरशीनाशकाची आळवणी, म्हणजे मुळाशी औषधाचं पाणी ओतणं, नको. आणि एवढ्यावर विसंबू नका. पहिल्या पावसानंतर रात्री कडुनिंब, बाभूळ हलवून भुंगेरे रॉकेलच्या पाण्यात टाकायचं काम गावाने मिळूनच करायला हवं.

पिशव्या फोडताना नाकाला मास्क लावा, दमा असणाऱ्यांनी लांब राहा. शेजारी तुती आणि रेशीमकिडे असतील तर ही बुरशी त्यांनाही मारते, तिथे वापरू नका. तयार माल सावलीत, गार जागी ठेवून महिनाभरात संपवा. तो विकायचा असेल तर १९६८च्या कीटकनाशक कायद्याप्रमाणे नोंदणी लागते. हे सगळं स्वतःच्या रानापुरतं आहे.