अंडरग्लेझचं काम शिकताना: माती, पाणी आणि भट्टी

तयार अंडरग्लेझच्या, म्हणजे ग्लेझच्या काचेसारख्या थराखाली द्यायच्या रंगाच्या, बाटलीवर छापलेला रंग साधारणपणे पांढऱ्या मातीवर, पारदर्शक ग्लेझखाली, ठरावीक तापमानाला आलेला असतो. लातूर-परभणीकडच्या मातीवर, बोअरच्या पाण्यात आणि मधेच वीज जाणाऱ्या भट्टीत तोच रंग वेगळा निघतो. म्हणून या कामात पडणाऱ्याने पहिल्या महिन्यात विकायचं काही करू नये, फक्त नमुन्याच्या पट्ट्या कराव्यात.

अंडरग्लेझ म्हणजे केओलिनसारखी पांढरी माती, थोडं फ्रिट (वितळवून दळलेली काच), उच्च तापमानाला भाजून स्थिर केलेलं रंगद्रव्य आणि ब्रश नीट सरकावा म्हणून गोंद, बहुधा सीएमसी (सेल्युलोजपासून केलेला गोंद). यातली माती वाळताना आणि भाजताना आकसते. रंगकाम बिघडण्याच्या निम्म्या तक्रारी तिथून सुरू होतात.

आधी भट्टीचं बोलू. बहुतेक तयार अंडरग्लेझ 1030 ते 1060 अंशांना, म्हणजे 05-04 नंबरच्या शंकूला (ठरावीक उष्णता लागली की वाकणारा, भट्टीत ठेवायचा छोटा सुळका), नीट बसतात आणि पुष्कळसे 1220 पर्यंत टिकतात. कुंभारवाड्यातला आवा साधारण 900 अंशांच्या आतच राहतो. पोळ्याचे मातीचे बैल अंडरग्लेझने रंगवून आव्यात टाकले तर रंग खडूसारखा हाताला लागेल, शिवाय धुराने काळवंडेल. त्या बैलांना गेरू आणि चुनाच बरा. अंडरग्लेझसाठी विजेची किंवा गॅसची भट्टी लागतेच. विजेची घेणार असाल तर भट्टीच्या आधी थ्री-फेज जोडणी आणि मंजूर भार तपासून घ्या.

मातीच्या बाबतीत गावाचा अभिमान थोडा बाजूला ठेवावा. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे असतात. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो, तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि भांडं तयार झाल्यावर काही दिवसांनी रंगासकट टवका उडवतो. पाण्यात कालवून 80 नंबरच्या जाळीतून गाळल्यास हे बरंच थांबतं. काळी माती आकसतेही फार, त्यामुळे तडे जातात. बहुतेक लाल माती 1150 च्या पुढे फुगते किंवा वाकते, तेव्हा तिचं काम 1060 च्या आसपासच संपवावं. शिकताना तयार पांढरी माती घ्या. लाल मातीवरच रंगवायचं असेल तर आधी पांढऱ्या स्लिपचे (पाण्यात पातळ कालवलेल्या मातीचे) किंवा पांढऱ्या अंडरग्लेझचे दोन हात द्या, नाहीतर पिवळा आणि गुलाबी मळकट दिसतात. पांढरी माती या भागाला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहनकाळातल्या केओलिनच्या मूर्ती जाऊन बघाव्यात.

रंगवायचं कधी? भांडं लेदर हार्ड असताना, म्हणजे नख दाबलं तर ठसा उमटतो पण भांडं वाकत नाही अशा वेळी रंगवलं, की रंग आणि अंग एकत्र आकसतात आणि पकड उत्तम बसते. अडचण एप्रिल-मेची. 42 अंशांच्या कोरड्या हवेत ही अवस्था पटकन निघून जाते, काठ आधी वाळतो आणि बूड ओलंच राहतं. काठावर ओलं फडकं, वरून प्लास्टिक, आणि काम सकाळी लवकर. पंखा बंद.

बिस्कवर, म्हणजे ग्लेझ न लावता एकदा भाजलेल्या भांड्यावर, रंगवणं नवशिक्याला सोपं, कारण चूक ओल्या स्पंजने पुसता येते. 1000 ते 1060 ला भाजलेलं भांडं आधी ओलसर स्पंजने पुसा. धूळ जाते आणि भांडं रंगातलं पाणी एकदम ओढत नाही. सपाट, भरीव रंगासाठी तीन हात: पहिला आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा. आधीच्या हाताची ओली चमक गेल्यावरच पुढचा. ब्रश मऊ आणि रंग धरून ठेवणारा हवा. कडक केसांचा ब्रश खालचा थर उचलतो. एकच पातळ हात दिला तर ब्रशच्या खुणा दिसतात. त्या मुद्दाम हव्या असतील तर उत्तम, पण फुलदाणीच्या अर्ध्या भागावर त्या आणि अर्ध्या भागावर नाहीत, हे गिऱ्हाइकाला लगेच दिसतं.

बाटलीत ब्रश बुडवू नका, लागेल तेवढा रंग वाटीत काढा. घट्ट झाला तर आरओचं पाणी थेंब-थेंब घाला. बोअरच्या जड पाण्यातले क्षार रंग घट्ट करू शकतात आणि वाळताना काठावर पांढरट साय आणतात. पार सुकलेली बाटलीही टाकून देऊ नका. पाणी घालून रात्रभर ठेवली आणि गाळली की बहुधा परत चालते.

पैठणीवरच्या आसावलीसारखी बारीक नक्षी ब्रशने काढायचा अट्टहास नको. लेदर हार्ड अंगावर सुईने रेघ कोरा, तीत अंडरग्लेझ भरा, ओल ओसरली की स्टीलच्या पातळ पट्टीने वरचं खरवडून काढा. रेघ धारदार राहते. उलटं करायचं तर दोन-तीन हात देऊन रंग बोटाला लागेनासा झाला की त्यातून कोरा. निघालेला चुरा ओला असताना झटकू नका, रंग फासला जातो. वाळल्यावर मऊ ब्रशने काढा, तोंडाला एन-95 मास्क लावून. मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसातून परत निघत नाही.

आता ग्लेझ. बिस्कवर रंगवलेलं भांडं ग्लेझमध्ये झटकन बुडवून काढा, दोन-तीन सेकंद पुरेत. ग्लेझ ब्रशनेच लावायचं असेल तर आधी रंगवलेलं भांडं पुन्हा 1000 च्या आसपास भाजा, नाहीतर पहिल्याच फटक्यात नक्षी पसरते. ग्लेझचा दाटपणा वजनाने बघा: 100 मिलीचं वजन 140 ते 145 ग्रॅम भरावं. जाड बसलेलं पारदर्शक ग्लेझ दुधाळ होतं आणि खालच्या रेघा विरघळल्यासारख्या दिसतात.

रंगांचे स्वभाव वेगवेगळे. कोबाल्टचा निळा आणि काळा सहसा दगा देत नाहीत. क्रोम असलेला हिरवा जस्ताच्या ग्लेझखाली तपकिरी होतो, आणि क्रोम-टिनचा गुलाबी तर जस्त असलं की मरतोच. त्याला कॅल्शियम भरपूर आणि जस्त नसलेलं ग्लेझ लागतं. विकत घेताना दुकानदाराला ग्लेझमध्ये झिंक आहे का, हे विचारा. नुसतं 'ट्रान्सपरंट आहे' हे उत्तर पुरेसं नाही. भडक लाल आणि केशरी बहुधा झिरकॉनच्या कवचात बंद केलेल्या कॅडमियमचे असतात. ते दळू नयेत आणि बाटलीवरच्या तापमानाच्या पुढे नेऊ नयेत.

बिघाड वाचायला शिका. काठावर पापुद्रा सुटला, तर थर फार जाड होता किंवा भांडं धुळकट होतं. ग्लेझ आकसून मधे उघडी जागा राहिली, तर जाड रंगाने छिद्रं बुजवली किंवा तेलकट हात लागला. बारीक फोड आले, तर बिस्क घाईत भाजलं गेलं आणि मातीतला वायू आत राहून गेला. पहिल्या भाजणीत 700 ते 900 अंशांमधून सावकाश जा, भट्टीची खिडकी थोडी उघडी ठेवा.

वीज गेली तर घाबरू नका. बिस्क थंड होऊ द्या आणि पुन्हा सावकाश सुरू करा. ग्लेझच्या भाजणीत दार न उघडता वीज आल्यावर पुढे चालू ठेवा. पण मग नुसत्या आकड्यावर विसंबू नका, कारण मीटर त्या क्षणाचं तापमान सांगतो, एकूण किती उष्णता लागली ते शंकूच सांगतो. प्रत्येक भाजणीत फळीवर शंकू ठेवाच.

नमुन्याची पट्टी अशी करा: एका रंगाचे एक, दोन, तीन हात शेजारी-शेजारी, अर्ध्या पट्टीवर ग्लेझ, अर्धी कोरी. मागे माती, रंग आणि शंकू काळ्या अंडरग्लेझने लिहा. पेन्सिल जळून जाते.

कप-ताटल्यांची ऑर्डर घेताना अन्न किंवा ओठ लागतील तिथे उघडा अंडरग्लेझ ठेवू नका, वरून शिसं नसलेलं ग्लेझ हवंच. दर ठरवताना तीन हातांचा वेळ, लागली तर मधली जादा भाजणी आणि फुटणारे नग धरा. दहा कपांच्या ऑर्डरला बारा घडवा, आणि बाराही एकाच भट्टीत, एकाच बाटलीतल्या रंगाने करा.